कार्यक्रम सगळे साडेपाचनंतरच का?

पत्र थोडक्यात : ही वाचक एरंडोल तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने अपडाऊन करते आणि जळगावच्या विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी कापूस-मक्याची शेती, भाऊ दहावीला. बी.एस्सी.ची तीन वर्षं तालुक्याच्या कॉलेजात गेली, पण एकाही कार्यक्रमात नाव दिलं नाही. आता वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एक नोटीस पडते : युवारंग या विद्यापीठाच्या युवक महोत्सवाची निवड, आविष्कार ही संशोधनाची स्पर्धा, वक्तृत्व, विज्ञान दिनाची प्रश्नमंजुषा, मुलाखतीची कार्यशाळा. तालमी आणि बैठका पाचनंतर असतात. हिची बस साडेपाचची, पुढची मिळेलच याचा भरवसा नाही. एफ.वाय.ला गॅदरिंगच्या नाचात जायचं म्हटल्यावर वडील म्हणाले होते, "तुले शिकाले धाडेल शे, नाचाले नही." मागच्या महिन्यात सेमिनार देताना तोंडून "द्रावण थंड होई राहिलं" असं निघालं आणि मागचा बाक हसला. सोबतच्या मुलींच्या फायली मात्र प्रमाणपत्रांनी फुगल्या आहेत. ती विचारते : होस्टेल घेऊ का? घरी भांडू का? की हे आपल्यासाठी नाही असं समजून मान खाली घालून अभ्यास करू?

*

तुझ्या पत्रात बसची वेळ चार ठिकाणी आली आहे. तुला काय करायला आवडतं, हे मात्र एकदाही आलेलं नाही. पाच कार्यक्रमांची यादी तू दिलीस, त्यांच्या तारखांची घालमेल सांगितलीस, पण त्यातल्या एकाबद्दलही 'हे मला करायचंय' असं वाक्य नाही. म्हणून आधी तेच विचारते. उद्या बस रात्री नऊची झाली आणि वडील हो म्हणाले, तर यातलं काय करशील? उत्तर पटकन येत नसेल तर अडचण बसची नाही.

आणि त्यात कमीपणा काही नाही. ज्या घरात आधी कुणी विद्यापीठाची पायरी चढलेलं नसतं, तिथल्या मुलांना नोटीस बोर्ड हुकमासारखा वाटतो. शाळेत सर सांगायचे, नावं लिहून घ्यायचे, आपण रांगेत उभं राहायचो. इथे कुणी नाव लिहून घेत नाही, त्यामुळे सगळंच आपल्याला उद्देशून आहे असंही वाटतं आणि काहीच आपल्यासाठी नाही असंही. विद्यापीठात एका वेळी जेवढे उपक्रम चालू असतात तेवढे कुणीही करत नाही. जी मुलगी सगळीकडे दिसते, तिच्याकडे जरा बारकाईने बघ. बहुतेक ठिकाणी ती उद्घाटनाच्या फोटोपुरती असते.

आता नोटिसांचं. त्या अचानक येतात, कार्यक्रम अचानक येत नाहीत. कॅम्पसचं निम्मं वेळापत्रक वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. 24 सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा (एनएसएस) दिवस, 1969 साली ती याच तारखेला सुरू झाली. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. 26 नोव्हेंबरला संविधान दिन, त्याच्या आगेमागे निबंध आणि वादविवाद. 12 जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन, म्हणजे वक्तृत्व ठरलेलंच. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी, 28 ला, विज्ञान दिन. तुमच्या प्रशाळेत, म्हणजे विभागात, त्या दिवशी पोस्टर, प्रश्नमंजुषा, प्रयोगांची मांडणी यातलं काहीतरी होणारच. युवारंग आणि आविष्कार यांच्या तारखा दरवर्षी पुढेमागे सरकतात, पण ते होणार हे जूनमध्येच माहीत असतं. नोटीस निघते तेव्हा हातात आठ-दहा दिवस उरतात. तयारी मात्र कुणाच्या परवानगीशिवाय दोन महिने आधी सुरू करता येते. ग्रुपवरच्या नोटिसा म्यूट कर आणि या तारखा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव.

यातल्या काही गोष्टींना पुढे पायऱ्या आहेत, तेही माहीत असू दे. युवारंगमधून निवडलेला संघ विद्यापीठाकडून राज्याच्या इंद्रधनुष्य महोत्सवाला जातो, तिथे इतर विद्यापीठांचे संघ असतात. आविष्कारचीही राज्य पातळीवर अंतिम फेरी होते. खेळात तशी राज्य पातळीची स्पर्धा म्हणजे अश्वमेध. प्रत्येकाने वरच्या पायरीवर जायलाच हवं असं नाही, पण रांगोळीच्या स्पर्धेत नाव देताना ती कुठवर जाऊ शकते हे ठाऊक असलं की माणूस जरा नीट रेघ ओढतो.

बसकडे येते. तालमी पाचनंतर का असतात, हे तू कुणाला विचारलंस? बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की वेळ ठरवणारी मुलं होस्टेलवर राहतात आणि त्यांना पाचनंतर मोकळं असतं. साडेपाचला फाट्यावर पळणारी मुलं त्या बैठकीला नसतात, म्हणून त्यांची अडचण कुणाच्या कानावर जात नाही, आणि वेळ तीच राहते. सकाळी तासांच्या आधी एक तास किंवा दुपारच्या सुट्टीत पाऊण तास, असं सुचवून बघ. तुझ्यासारख्या पाळधी, धरणगाव, पारोळ्याकडून येणाऱ्या आणखी दोघी-तिघी सोबत घे आणि समन्वयक सरांना किंवा मॅडमना एकत्र भेटा. एकटीने सांगितलं की ती तुझी घरगुती अडचण होते. चौघींनी सांगितलं की वेळापत्रकाचा प्रश्न होतो.

स्पर्धेच्या दिवसाचंही तसंच. आपल्याकडे दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू होतो. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, स्वागतगीत, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत आणि 'दोनच मिनिटं घेतो' म्हणत उठणारे आणखी दोघे. पोरांची पाळी येईपर्यंत चार वाजतात आणि परीक्षक घड्याळ बघत असतात. आयोजकांनी हा भाग अर्ध्यावर आणला तर खेड्यावरच्या निम्म्या मुलींची अडचण आपोआप सुटेल, हे मी याच सदरात आधीही लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन. तोवर तू एक कर. क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढण्याआधी आयोजकांना सांग की माझी शेवटची बस अमुक वाजता आहे, पहिल्या दहात घ्या. चिठ्ठ्या निघाल्यावर सांगितलंस तर ती तक्रार होते. आधी सांगितलंस तर ती नोंद होते.

उशीर झालाच तर? पासची बस चुकली म्हणून घाबरू नकोस. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पैशाचा प्रश्न छोटा आहे, अंधारात फाट्यावर उभं राहण्याचा मोठा. बांभोरीच्या पुलावर खोळंबा झाला की बस कधी येईल ते कंडक्टरलाही सांगता येत नाही. म्हणून एरंडोलकडे जाणारी पुढची बस कितीची, ती फाट्यावर थांबते का, आणि गावापर्यंत नेते की अलीकडेच सोडते, हे आगारात एकदा विचारून घे. 'भरवसा नाही' असं तू लिहिलंस ते ऐकीव आहे की पाहिलेलं, ते मला पत्रावरून कळलं नाही.

वडिलांविषयी. तुझ्या पत्रातलं त्यांचं वाक्य मला खोटं वाटत नाही, पण जुनं वाटतं. ते एफ.वाय.ला, नाचाबद्दल, रात्रीच्या गॅदरिंगच्या वेळी म्हटलेलं आहे. तू ते सगळ्या कार्यक्रमांना, सगळ्या वर्षांसाठी लावून टाकलंस. आविष्कारबद्दल तू त्यांना विचारलंस का? पत्रात तरी तसं नाही. ते नाही म्हणतील हे गृहीत धरून तूच त्यांच्या वतीने नकार देऊन मोकळी झालीस. ज्या माणसाने कापसाच्या भावात मुलीला एम.एस्सी.ला धाडलं, त्याच्या मनात 'शिकाले' या शब्दात काय काय बसतं, हे एकदा समोर बसून विचारायला हवं.

विचारताना 'आमच्या विद्यापीठात कार्यक्रम आहे, जाऊ का' असं विचारू नकोस. या प्रश्नाला कुठलाही बाप नाहीच म्हणतो, कारण त्यात त्याला काहीच दिसत नाही. तारीख काय, ठिकाण कुठलं, सोबत कोणत्या मॅडम, गावातली किंवा शेजारच्या गावातली आणखी कोण, परत किती वाजता, मुक्काम असला तर कुठे, हे सगळं एका दमात सांग. मॅडमचा नंबर कागदावर लिहून घड्याळाखाली ठेव. वेळही बघून काढ. वेचणीचे दिवस असतील, मजूर मिळत नसतील आणि तू त्याच संध्याकाळी युवारंगचा विषय काढलास, तर नकार तुला नसेल, त्या दिवसाला असेल. आपल्याकडे कापूस आणि कार्यक्रम यांचा हंगाम एकच, ही अडचण शहरातल्या मुलांना सांगूनही कळायची नाही. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस वेचणीला पूर्ण उतरलीस, तर नंतरचा एक दिवस मागायला तुझी जीभ अडखळणार नाही.

भांडू नकोस असं मी म्हणत नाही. काही घरांत भांडावंच लागतं. पण जे अजून मागितलेलंच नाही, त्यासाठी भांडायला कशाला जायचं?

सेमिनारच्या हसण्याचं तू जरा जास्तच मनाला लावून घेतलं आहेस. तुझं द्रावण थंड होत होतं हे सगळ्यांना कळलं, म्हणजे वाक्याने काम केलं. ज्या विद्यापीठात तू शिकतेस, त्याला 2018 पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. असोद्याच्या त्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्या याच मुलखाच्या बोलीत रचत होत्या. नाव कमानीवर लावायचं आणि बोली ऐकली की फिदीफिदी हसायचं, हा हसणाऱ्यांचा विनोद आहे, तुझा नाही. तरीही व्यवहाराचं सांगते. सादरीकरणात प्रमाण मराठी किंवा इंग्रजी लागते, ती सरावाने येते. पाच मिनिटांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड कर, बसमध्ये कानाला लावून ऐक. जाऊन-येऊन रोज जो वेळ खिडकीशी जातो, तो याच कामाचा आहे. आणि परीक्षकाने प्रश्न विचारल्यावर घाईत 'होई राहिलं' निघून गेलंच, तर पुढच्या वाक्याकडे जा. माफी मागत थांबू नकोस.

फायलीतल्या प्रमाणपत्रांबद्दल माझं मत तुला कदाचित आवडणार नाही. त्यातल्या बहुतेकांचा नोकरीला काहीही उपयोग नाही. पंधरा मिनिटांची ऑनलाइन प्रश्नमंजुषा सोडवली की ईमेलवर येणारा सोनेरी काठाचा कागद कुणी उघडूनही बघत नाही. स्पर्धा परीक्षेत गुण मोजतात, सहभाग मोजत नाहीत. खरोखर काम देणारे कागद थोडे आहेत. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी वेगळी प्रवेश योजना आहे. खेळाडूंना राज्य शासनाच्या नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, पण ठरवून दिलेल्या स्पर्धांत ठरलेलं यश मिळवलेल्यांनाच. बाकी सगळ्या कागदांबाबत मुलाखत घेणारा एकच विचारतो : यात तुम्ही नक्की काय केलंत? त्याला तीन मिनिटं उत्तर देता येईल असं एक काम वीस कागदांना पुरून उरतं. मैत्रिणीच्या फायलीचा हेवा करण्याआधी तिला हा प्रश्न गमतीत विचारून बघ.

होस्टेलचा विचार पूर्ण टाकून देऊ नकोस, पण कार्यक्रमांसाठी होस्टेल घेऊ नकोस. प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबावं लागतंय, प्रवासात थकून रात्री वाचन होत नाही, दुसऱ्या वर्षाला प्रकल्प आहे, ही कारणं खरी आहेत आणि वडिलांना पटण्यासारखीही. जागा, खर्च आणि भावाची दहावी या तिन्हींचा हिशेब मांडून पुढच्या वर्षासाठी ठरव. या वर्षी तुझं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

कार्यक्रम हा कामाचा शेवटचा दिवस असतो. तू त्या शेवटच्या दिवसाकडे बघतेस, म्हणून तुला तिथली बस दिसते. आधीचं काम बघ. तुझ्या वेळेत, तुझ्या गावात, दिवसाउजेडी होणारं काम ज्या कार्यक्रमाच्या मागे आहे, तो निवड. मला विचारशील तर तुझ्यासाठी तो आविष्कार आहे.

त्यात विषयांचे सहा गट असतात : भाषा-मानव्यविद्या-ललित कला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, आणि वैद्यक-औषधनिर्माण. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांची स्पर्धा वेगळी असते, म्हणजे तुझी गाठ पीएच.डी. करणाऱ्यांशी पडत नाही. आधी पोस्टर मांडायचं, परीक्षक समोर येऊन प्रश्न विचारतात, त्यातून निवडलेल्यांना पुढे बोलून सादर करावं लागतं. संशोधन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लाखोंची यंत्रं येतात. मी एक साधा विषय सुचवते, तू तो बदलू शकतेस.

घरी आईला विचार, डाळ कोणत्या पाण्यात शिजते आणि कोणत्या पाण्यात नाही. आपल्याकडे प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. 'या बोअरच्या पाण्यात वरण होत नाही, त्या विहिरीचं आण', किंवा मग चिमूटभर खायचा सोडा. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार डाळीच्या पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनला धरून ठेवतात, म्हणून दाणा फुटत नाही. हे तू पुस्तकात वाचलं असशील, पण तुझ्या गावाच्या पाण्याचा आकडा कोणत्याही पुस्तकात नाही. तो तू काढू शकतेस.

पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात हे क्षार किती, ते मोजायची पद्धत तुझ्या हातातलीच आहे. पन्नास मिलिलिटर नमुना, अमोनियाचं बफर घालून पीएच दहाला आणायचा, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलून दाखवणारा दर्शक, आणि ब्युरेटमधून थेंबथेंब ईडीटीए, म्हणजे हे क्षार पकडणारं रसायन. तांबडा रंग जांभळटाकडून निळ्यावर येतो तो क्षण पकडायचा. शेवटचे थेंब सावकाश, खाली पांढरी फरशी किंवा कागद ठेवून. ईडीटीएचं द्रावण 0.01 मोलर असेल तर जेवढे मिलिलिटर लागले त्याला वीसने गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅममध्ये जडपणा मिळतो. वीस मिलिलिटर लागले तर 400. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात 200 पर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत खपवून घेतलं जातं. गावातल्या काही बोअर त्या पलीकडे गेलेल्या निघाल्या तर मला नवल वाटणार नाही.

नमुने घेताना मात्र घाई करू नकोस. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, बोअर असेल तर मोटार थोडा वेळ चालू देऊन मगच भरायची, काठोकाठ. वर चिठ्ठी : तारीख, वेळ, कुणाचं शेत, खोली किती. ग्रामपंचायतीचा नळ, शाळेचा हातपंप, गावविहीर आणि चार-पाच शेतांतल्या बोअर घे. पावसाळा संपल्यावर एकदा आणि डिसेंबरात पुन्हा घेतलंस तर तुलनेला काहीतरी हाती येईल. प्रत्येक नमुना तीनदा तपास. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले नाहीत तर चौथ्यांदा तपास, जमणारे दोन निवडून तिसरा खोडू नकोस. परीक्षकाला हे दोन प्रश्नांत कळतं.

सोबत आणखी एक सोपी चाचणी ठेव. एकाच पोत्यातली तूरडाळ, सारखं वजन, सारखं पाणी, झाकण ठेवलेलं भांडं, आणि प्रत्येक नमुन्यात डाळ बोटाने चेपण्याइतकी मऊ व्हायला लागलेली मिनिटं. हे घरच्या चुलीवर नको, आच सारखी राहत नाही. प्रयोगशाळेत हॉट प्लेटवर कर. जडपणाचे आकडे एका बाजूला आणि शिजण्याची मिनिटं दुसऱ्या बाजूला, असा एक आलेख निघाला की पोस्टरचा मधला भाग तयार.

आता बघ, शिवारात कुणाची बोअर किती फुटांवर लागली, कोणत्या साली कोरडी पडली, कुणाच्या पाण्याने ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतात, हे सगळं कुणाला माहीत आहे? तुझ्या वडिलांना. या कामाला त्यांची परवानगी मागायची वेळ येत नाही, त्यांची मदत मागायची येते. दुसऱ्यांच्या शेतात बाटली घेऊन जायला त्यांच्याशिवाय दुसरं कोण सोबत येणार? आणि डाळीच्या पाण्याचा अर्धा अभ्यास आईने आधीच करून ठेवलाय. स्पर्धेच्या दिवशी उशीर झाला तरी त्या दिवशी तू कशासाठी थांबली आहेस, हे घरात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

मंचावर जाण्याची ओढ मनात असेल, आणि नाचाची ती जुनी गोष्ट तू पत्रात लिहिलीस म्हणजे ती असावी, तर तीही दाबू नकोस. युवारंगमध्ये नाच एवढंच नसतं. मूकाभिनय, विडंबननाट्य, समूहगीत, कोलाज, व्यंगचित्र, मातीकाम, रांगोळी, स्थळछायाचित्रण, असं बरंच काही. चित्र-रांगोळीच्या प्रकारांना तालमीची गरज नसते, कागद आणि रांगोळी घरीही मिळते, आणि दोन-अडीच तासांत स्पर्धा आटोपते. मूकाभिनयाला एकही संवाद नाही, तेव्हा बोलीचीही भीती नाही.

आणि मंचामागचं काम. नोंदणीच्या टेबलावर बसणं, वेळेची घंटा वाजवणं, कलाकारांना क्रमाने आत सोडणं, बातमी लिहून वर्तमानपत्राकडे पाठवणं. हे दुय्यम समजू नकोस. नोंदणीच्या टेबलावर एक सकाळ बसलीस तर साठ जणांशी बोलायची सवय लागते. संघाचा एक मुलगा ओळखपत्र विसरलेला असतो, एकाची सही राहिलेली असते, मागे रांग वाढत असते, आणि तुला डोकं शांत ठेवून तिघांना तीन ठिकाणी पाठवायचं असतं. मुलाखतीत सांगायला ही सकाळ वक्तृत्वाच्या तिसऱ्या क्रमांकापेक्षा चांगली. हे काम सकाळचंही असतं.

कार्यक्रमाशिवायही काही सुरू करता येतं. तुमच्या प्रशाळेच्या जिन्यात भिंत रिकामी असेल तर भित्तिपत्रक लाव. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून रोजचं पत्र काढायचे. तू पंधरा दिवसांनी एक पान काढ.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक उपक्रम यांना सहशैक्षणिक म्हणून श्रेयांक (क्रेडिट) आहेत. तेव्हा 'अभ्यास सोडून हे काय' हा घरचा आक्षेप आता गुणपत्रिका दाखवूनच मिटवता येतो. एनएसएसमध्ये दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. मुक्कामाला घरून नकार येत असेल तर शिबिराचं गाव आपल्याच तालुक्यातलं आहे का ते आधी बघा. बरेचदा असतं, आणि आई-वडिलांना एका दुपारी तिथे बोलावता येतं.

आणि नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडून आलेल्या मुलांनी एक लक्षात घ्यावं. तुम्ही पावरा किंवा भिल्ल आहात म्हणून लोकनृत्याच्या संघात तुमचं नाव आपोआप लिहिलं जातं. नाचायचं असेल तर खुशाल नाचा, ढोल आणि पावरी तुमच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. नाचायचं नसेल तर नाही म्हणा, प्रश्नमंजुषेत बसा. आणि नाचलात, तर होळीचा पोशाख कसा घालायचा, कोणती पावलं कोणत्या वेळची, हे नृत्यदिग्दर्शक ठरवणार की तुम्ही, हे तालमीच्या पहिल्याच दिवशी बोलून घ्या. समन्वयकांनीही संघ निवडताना आडनाव नंतर वाचावं.

तुझ्याकडे परत येते. या आठवड्यात दोनच गोष्टी कर. रविवारी वडिलांसोबत शिवारात फिरून कोणाकोणाच्या बोअरचं पाणी घ्यायचं त्याची यादी कर, आणि सोमवारी विभागात पाण्यावर काम करणारे सर किंवा मॅडम कोण आहेत ते शोधून दहा मिनिटं माग. सोबत एका पानावर विषय लिहून ने. मथळा साधा ठेव : आमच्या गावात डाळ का शिजत नाही. पुढे 'एक चिकित्सक अभ्यास' वगैरे काही जोडू नकोस, ते काम सर करतीलच. नोंदणीची मुदत कळली की तिच्या चार दिवस आधी मार्गदर्शकांची सही घेऊन ठेव. शेवटच्या दिवशी सर हमखास बाहेरगावी असतात.